बॅटरीचं शिळं पाणी

भानुमतीच्या घरात सवत आली ती सायकलच्या कॅरिअरवर बसून. काळी, वजनदार, सुतळीनं बांधलेली. रामकृष्णानं तिला दोन्ही हातांनी उतरवलं, खिडकीखालच्या पाटावर ठेवलं आणि मग बायकोला म्हणाला, "फडकं आण बरं."

त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. फडकं घामासाठी नव्हतं. बॅटरीसाठी होतं.

पासष्ट सालचा पावसाळा सरत आला होता. रामकृष्ण फॅक्टरीत लेथवर तोफगाड्यांचे भाग कातायचा. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यात त्याच्या दोन खोल्या भाड्याच्या. विजेच्या तारा गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या होत्या, पण घरमालकाला पुढची घाई नव्हती. रामकृष्णाला नाद रेडिओचा. सुटे भाग आणून त्यानं एक ट्रान्झिस्टर स्वतः जोडला होता. त्याला पेटी नव्हती. फळीवर सगळी आतडी उघडी. तो चार सेलवर चालायचा आणि सेल खायचाही फार. सरहद्दीवर लढाई पेटली तसे दुकानांतून सेल दिसेनासे झाले. म्हणून ही मोटारसायकलची जुनी बॅटरी.

"सेल म्हणजे आणा, वापरा, फेका," रामकृष्ण समजावून सांगायचा. "ही बसली की चार्जिंगले टाकायची. पुन्हा उठते. जन्माची सोबत आहे."

जन्माची सोबत. भानुमतीनं पोळी लाटता लाटता ऐकलं. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

तो कामावरून आला की आधी खिडकीपाशी जायचा. बॅटरी पुसायचा. तिच्या दोन्ही टोकांना व्हॅसलिन लावायचा. थंडीत भानुमतीच्या टाचा फुटायच्या, तेव्हा त्याला व्हॅसलिन सुचलं नव्हतं. दुपारी नागपूर केंद्रावर मराठी गाणी लागायची, तीही बंद झाली. "गाणी नको. बॅटरी बसते. बातम्यांपुरती राहू दे."

आणि बातम्या ऐकायला इंदिरा यायची.

इंदिरा शेजारच्या खोलीत राहायची. वय बावीस, मॅट्रिक झालेली. तिचा नवरा श्रीरंग फौजेत ट्रक चालवायचा. लढाई लागल्यावर त्याचं एक कार्ड आलं, मग काही नाही. ती रोज संध्याकाळी येऊन भिंतीला टेकायची. निवेदकानं एखाद्या गावाचं नाव घेतलं की तिचे ओठ हलायचे. ते नाव ती पाठ करत असावी.

भानुमतीला तिची कीव यायची. पण ती कीव एका संध्याकाळी संपली.

रामकृष्णानं डिस्टिल वॉटरची बाटली काढली होती. बॅटरीची तीन बुचं उघडून तो म्हणाला, "इंदिराबाई, तुम्ही घालता का पाणी? हात स्थिर आहे तुमचा. आतल्या पट्ट्या बुडल्या की थांबा."

इंदिरा पुढे सरकली. बॅटरीच्या वाफेला जाळ लागू नये म्हणून रामकृष्ण कंदील दूर धरून उभा राहिला. दोघांची डोकी त्या काळ्या डब्यावर वाकली.

"मले तर कधी हात लावू देला नाही," भानुमती चुलीजवळून म्हणाली.

"तू धांदल करतेस ना."

"हो जी. सात वर्षं धांदलीचंच जेवून राहिले तुम्ही."

इंदिरा हसली. रामकृष्णही हसला. एकदमच हसले दोघं. त्या रात्री आमटीत मीठ जास्त पडलं.

दुसऱ्या दिवशी रामकृष्ण सकाळीच कामावर गेला. लढाईमुळे ओव्हरटाइम होता. भानुमतीनं नेहमीसारखी घागर घेतली. कालचं शिळं पाणी ओतून दिलं, घागर घासली, ताजं भरलं. हंडा झाला, तांबे झाले. मग तिची नजर खिडकीकडे गेली.

तिनं बुचं उघडली. वास घेतला. आंबट होता.

एवढ्या दिवसांचं पाणी, नासणारच. आणि ती शिकलेली बाई काल त्यातच नवं ओतून गेली! शिळ्यात ताजं कोण घालतं? भानुमतीला फार दिवसांनी हलकं वाटलं. तिनं बॅटरी मोरीत नेली आणि उलटी केली. मोरीतला भेडाघाटचा पांढरा दगड फसफसला. इतकी घाण होती आत! तिनं दोनदा खळखळून धुतली. मग देवापुढचा तांब्या आणला. त्यात तिलवाऱ्याच्या घाटावरून आणलेलं नर्मदेचं पाणी होतं. याहून शुद्ध पाणी कुठल्या बाटलीत मिळणार होतं? तिनं तिन्ही घरं काठोकाठ भरली. एक थेंब सांडला नाही. हात तिचाही स्थिर होता.

दुपारी बोटं खाजू लागली. कामं आटोपता आटोपता पदर पाहिला तर त्याला भोकं पडलेली. मसुराएवढी, शेजारी शेजारी. हात लावला तर कापड गळून आलं. तेव्हा तिला कळलं, मोरीत ओतलं ते नुसतं पाणी नव्हतं.

त्या दिवशी गावभर एकच बोलणं होतं. लढाई थांबणार म्हणतात. इंदिरा रोजच्यापेक्षा लवकर आली. केस विंचरून आली होती. रामकृष्ण अजून परतला नव्हता.

"वहिनी, लावा ना. आज सांगतील."

भानुमतीनं बटण फिरवलं. रेडिओ खरखरला, एक शब्द अर्धवट बोलला आणि गप्प झाला.

"काय झालं? काल तर बरोबर चालत होता." इंदिरानं बटण मागेपुढे केलं. "मी जास्त पाणी घातलं का वो? माझ्यानंच बिघडला का?"

तसंच समजू द्यावं, असं भानुमतीला वाटलं. नवरा आल्यावर त्यालाही तसंच वाटलं असतं. पुन्हा कधी त्यानं या पोरीच्या हातात बाटली दिली नसती. किती सोपं होतं.

इंदिरा बॅटरीपुढे बसली. ती रडली नाही. नुसती हात जोडून बसली, त्या डब्यालाच.

"उठ," भानुमती म्हणाली. पदर तिच्यापुढे धरला. "हे पाह्य. मी ओतलं सगळं. शिळं समजून. नर्मदेचं भरलं."

इंदिरानं भोकांतून तिच्याकडे पाहिलं. "काहून पण, वहिनी?"

"ते मग सांगीन. टॉर्च आहे का तुझ्याकडे?"

"यांचा आहे. जातानी ठेवून गेले. मी लावत नाही. सेल उतरतील म्हणून."

"आण."

इंदिरा क्षणभर थांबली. मग गेली आणि आणला. भानुमतीनं त्यातले दोन सेल काढले, आपल्या टॉर्चमधले दोन काढले. रामकृष्ण दोन वर्षं सेल लावायचा आणि ती दोन वर्षं कणीक मळता मळता बघायची. रागानं बघितलेलं विसरत नाही. चारही सेल तिनं एकापुढे एक ठेवले, एकाची टोपी दुसऱ्याच्या बुडाला. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळले. परकराची नाडी काढून बांधले.

"लाल तार टोपीकडे. तू धर. काळी मी धरते. अंगठ्यानं दाब."

रेडिओ बोलू लागला.

दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये ती कागदाची सुरळी. एकीचा अंगठा सुटला की आवाज जायचा. त्यामुळे इंदिराला डोळे पुसता येईनात. निवेदकानं सांगितलं, लढाई थांबणार. इंदिराच्या नाकावरून पाणी ओघळून सुरळीवर पडलं. भानुमतीनं मोकळ्या हातानं आपला भोकं पडलेला पदर तिच्या तोंडावरून फिरवला.

रामकृष्ण दारात कधीचा उभा होता. एका हातात सायकल तशीच.

"हे कोणी जोडलं?"

बातम्या चालू होत्या.

"सरका, मी धरतो."

"हात काढला तर बंद पडते," भानुमती म्हणाली. "तिकडंच थांबा."

तो थांबला. आपल्याच घराच्या दारात, आपलाच रेडिओ ऐकत. इंदिरानं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. भानुमतीनं मात्र पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. इतके दिवस तो तिचाच होता.

बॅटरी दुकानात नेली तेव्हा ती सोबत गेली. दुकानदारानं आत वाकून पाहिलं आणि तो हसत सुटला. "भैया, इसको स्नान किसने कराया?"

"मैंने," रामकृष्ण म्हणाला. घरी येईपर्यंत त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

दुकानदारानं नवं तेजाब भरून दिलं. बॅटरी पूर्वीइतकी राहिली नाही, पण उठली. गल्लीतल्या बायका आपापले टॉर्च घेऊन भानुमतीकडे येऊ लागल्या. कोणता सेल मेला, कोणता उन्हात ठेवून अजून चालेल, ती बल्ब लावून सांगायची. रामकृष्ण कोपऱ्यात बसून म्हणायचा, "तार थोडी आखूड धर." ती धरायची नाही.

श्रीरंगचं कार्ड आलं त्या संध्याकाळी इंदिरा ते दाखवायला आली होती. रामकृष्णानं बुचं उघडली, बाटली काढली आणि त्याचा हात दोघींच्या मध्येच थांबला. इंदिरानं कार्डात डोकं घातलं.

भानुमतीनं त्याच्या हातातून बाटली घेतली.

"कंदील घ्या," ती त्याला म्हणाली. "आणि जरा दूर धरा."