ग्योतोकुत आम्ही मुलीकडचे

मी टोकियोला फुलं बघायला नाही, ह्यांना घेऊन नकार द्यायला गेले होते. आमची मुक्ता तिथे पीएचडी करते आणि तिला योहानशी लग्न करायचं होतं. योहान इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचा, मांगराई जमातीचा. ते बेट नकाशात शोधतानाच माझं डोकं उठलं.

तुम्ही जाणार असाल तर नारिता विमानतळावरून कसाईपर्यंत बसने या. बॅगा घेऊन ट्रेनच्या जिन्यांच्या नादी लागू नका. पुढे तोझाई लाइनच्या मेट्रोने थोडंसंच ग्योतोकु, मुक्ता तिथे राहते. शाकाहारी असाल तर सूपच्या वाटेला जाऊ नका, त्यात मासा असतोच. कोंबिनी नावाच्या दुकानात भाताचे गोळे मिळतात. बेचव, पण पोट भरतं.

मुक्ताच्या दाराशी भूकंप झाला तर उचलून पळायची पिशवी आणि वेगवेगळ्या कचऱ्याचे चार डबे.

"कचरा एवढा निवडतेस, मग नवरा का नाही गं?"

"आई, प्लीज. त्याच्यासमोर सुरू करू नकोस."

शनिवारी योहान आला आणि त्याने गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. बाई दिसताच आमच्या ह्यांनी हात जोडले. "पोरीचं काही चुकलंमाकलं तर पदरात घ्या!" अजून आमचा होकार नाही, आणि हे पदर पसरतायत! मुक्ताने ते इंग्रजीत सांगितलं, योहानने त्यांच्या भाषेत. ती बाई घाबरून उभीच राहिली आणि "इते, इते" करत बोलू लागली.

"आई विचारतेय, तिचं काय चुकलं?" योहान म्हणाला. "आमच्यात मुलीचं घर वरचं. हात आम्ही जोडायचे."

"आणि इते म्हणजे?"

"मानाने तुम्ही. आणि आपण सगळे, असंही. साधं हाउ, म्हणजे 'तू', म्हटलं तुम्हाला, तर आई मला जेवायला वाढणार नाही."

माझ्या सासूबाईंनी माझ्या आईला शेवटपर्यंत अगं-तुगं केलं. आई वयाने मोठी, तरी तिने 'अहो' सोडलं नाही, आणि आम्ही त्याला संस्कार म्हणत आलो. मला रडू आलं, संतापही आला. नकार राहूनच गेला.

पुण्यात आल्या आल्या जाऊबाईंनी विचारलं, "परदेशी असले तरी पहिली पंगत मुलाकडच्यांचीच ना?"

"पहिल्या पंगतीला मी बसणार," मी म्हटलं, "आणि शेजारी विहीणबाई. वाढायला हे."