क्लचचा पाय

ड्रायव्हरचे दोन पाय सारखे नसतात. उजवा जरा मालकासारखा असतो, ॲक्सिलेटरवर नुसता टेकून बसतो. राबतो तो डावा. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून गाडी निघाली की प्रत्येक फाट्यावर, गतिरोधकावर, टोलनाक्यावर क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा. त्यात इंजिनाची सगळी धग त्याच बाजूला. माझा डावा पाय आधी फक्त जड व्हायचा. मग पोटरीवर निळ्या नसा गाठीगाठीने वर आल्या. मग घोट्याच्या वरची कातडी काळी पडली आणि एका उन्हाळ्यात तिथं खाजवता खाजवता जखम झाली, ती वर्षं गेली तरी भरेना.

दुखणं कुणाला नाही? कारखान्याच्या गेटबाहेर गाड्यांची रांग लागली की बघावं. कुणी टायरवर पाय टाकून गाडीखाली पडलेला, कुणी काचेची बाटली पोटरीवर लाटतोय, कुणी गुडघ्याखाली गमछा करकचून बांधतोय. कंबरदुखीवर आम्ही मोकळेपणाने बोलतो, मूळव्याधीवर तर जरा जास्तच. पण वाहत्या जखमेवर कुणी बोलत नाही, कारण तिला वास येतो. मीही बोललो नाही. मला माझ्याच पायाची किळस यायची, हे आज लिहितानाही जड जातंय.

डॉक्टरांनी सांगितलं, नसांचं ऑपरेशन करावं लागेल, तोवर पायाला आराम द्या आणि हे मोजे घाला. मोजे म्हणजे मांडीपर्यंत येणारे, घट्ट, कातडीच्या रंगाचे. ते घालून मी आरशासमोर उभा राहिलो. कमरेच्या वर मिशीवाला ड्रायव्हर आणि खाली सिनेमातली नाचणारी. बायको म्हणाली, "मी हसून न्हाई राह्यले." तोंडाला पदर लावलेला होता, त्यावरून काय ते समजा.

त्यानंतर मी ऑपरेशन पुढे ढकलत राहिलो आणि घरातसुद्धा फुलपँट सोडली नाही. बायको खोलीचं दार लावून पट्टी बदलायची. मुलीने विचारलं तर "पाय दुखतो, बाकी काही नाही," एवढंच सांगायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझं चाललं होतं.

अशात मुलीचं जमत आलं. मुलगा जालन्यातच एका ऑफिसात नोकरीला, घर वाटूरचं, मागे मोसंबीची बाग. पोरीने तोंडाने काही सांगितलं नाही, पण फोन वाजला की ती गच्चीवर पळायची, त्यात सगळं आलं. फक्त आम्ही जाऊन त्यांचं घर बघून यायचं बाकी होतं. आणि मला धास्ती बसली होती. आमच्याकडे सोयरीक जुळवताना रोगाची चौकशी फार. माझ्या मामेबहिणीचं ठरलेलं लग्न तिच्या आईच्या कोपरावरच्या पांढऱ्या डागावरून मोडलं होतं. तो डाग भाजल्याचा होता, पण ऐकून कोण घेतो? माझ्या पायाला तर डाग, गाठी, पू, सगळंच होतं. हे कुणी पाहिलं तर पोरीच्या लग्नाचं काय, एवढा एकच विचार मला वाटूरपर्यंत पुरला.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. माझं दुखणं काही तसल्या जागेचं नव्हतं आणि जावईही डॉक्टर नव्हता, पण दारात पाऊल टाकलं आणि माझी तीच गत झाली. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली, तांब्या, आणि खांद्यावर टॉवेल टाकून मुलाचे वडील स्वतः उभे.

"या पाव्हणं, पाय धुवा."

माझ्या मेहुण्याने धुतले, सोबतच्या दोघातिघांनी धुतले. मी बूट काढले आणि मोज्यांवरच आत निघालो. वरून काळे मोजे चढवले होते, त्यामुळे आतले दिसत नव्हते.

"पाव्हणं, पाणी..."

"नको नको, असू द्या."

त्या माणसाचा चेहरा उतरला. पायावरचं पाणी म्हणजे काही धूळ घालवायची सोय नसते. ते नाकारलं म्हणजे दार नाकारलं. ते हळूच म्हणाले, "का हो? आमच्या दारचं पाणी तुम्हाला चालत न्हाई का?"

आयुष्यभर नाक्यानाक्यांवर उत्तरं देत आलेला माणूस मी. साहेबाने हात केला की काच खाली होण्याआधी उत्तर तयार पाहिजे, ही सवय. त्या सवयीनेच तोंडातून निघून गेलं, "नवस हाय. पिंपळगावच्या रेणुकाईचा. पोरीच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत दुसऱ्याच्या दारात पायावर पाणी घ्यायचं न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. टॉवेल बाजूला ठेवून त्यांनी मला हात जोडले. "पोरीसाठी असा नवस करणारा बाप म्या पाह्यला न्हाई." मग आत बायकांना हाक मारून तेच सांगितलं. घरातली म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि मला नमस्कार करायला लागली. मी तिला कसंबसं अडवलं.

घरी आल्यावर, मेहुणा गेला तशी बायको म्हणाली, "तुमची लाज तुम्ही झाका ना. देवीला कशाला मधी घातलं?" मला उत्तर सुचलं नाही. तिथं नाका नव्हता.

खोटं बोलणं सोपं, ते पाळणं अवघड. मेहुण्याने ती गोष्ट घनसावंगीपर्यंत पोहोचवली. नातेवाइकांत माझी पत वाढली. गेटवरचे ड्रायव्हर मला "भगत" म्हणायला लागले आणि एकाने तर नातवाच्या नोकरीसाठी देवीला सांगा म्हणून गळ घातली. आजवर दारू पितो का, शिव्या देतो का, एवढीच ज्याची चौकशी व्हायची, त्याला आता लोक आपणहून बसायला खुर्ची देत होते. मला खुर्ची हवीच होती, पाय ठणकायचा. पण त्या खुर्चीत बसताना मी मेल्याहून मेलेला असायचो.

लग्नाआधी बायकोने मला ओढूनच पिंपळगावला नेलं. तिने ओटी भरली, पुटपुटत माझ्यासाठी माफी मागितली. मी मात्र मान वर करून पाहिलं नाही. काय सांगणार होतो देवीला? तिला तर मोज्याच्या आतलंही दिसत असेल.

लग्न मंगल कार्यालयात होतं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि माझ्या मनात आलं, सुटलो. तेवढ्यात व्याह्यांनी माइक हातात घेतला.

"मंडळी, जल्दी करू नका, जेवायला सगळ्यांनाच भेटंल. आज माझ्या व्याह्यांचा नवस फिटला. आता त्यांच्या पायावर पहिलं पाणी पडंल ते आमच्या घरचं. म्या माझ्या विहिरीचं आणलंय."

मांडवात कुजबुज झाली. मुलीच्या बापाने जावयाचे पाय धुवायचे, ही रीत. वरबापाने मुलीच्या बापाचे पाय धुवायचे, हे कुणी ऐकलंही नव्हतं. "ही उलटी गंगा कशाला?" मी म्हणालो. लोकांना तो माझा विनय वाटला. मला धरून खुर्चीत बसवलं. शूटिंगवाला दिवा घेऊन जवळ आला, मागची मंडळी बघायला खुर्च्यांवर चढली. व्याही फेट्यासकट खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी माझा डावा पाय परातीवर धरला.

बूट निघाला. काळा मोजा निघाला. पँट वर सरकली. खाली तो कातडीच्या रंगाचा मोजा, घोट्यावर पिवळा ओला डाग, आणि अत्तरातून येणारा तो वास. त्यांचा हात थांबला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या क्षणी खरोखर मागितलं. आता हा माणूस उठणार, माइक घेणार, आणि दोन हातांच्या अंतरावर हार घालून उभी असलेली माझी पोर सगळं ऐकणार.

व्याह्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या पायावर टाकलं. दिव्याच्या आणि पायाच्या मध्ये स्वतः सरकून बसले. उजवा पाय त्यांनी चांगला चोळून धुतला. डाव्यावर बोटांनी नुसतं पाणी शिंपडलं, उपरण्यावरूनच. मग ओरडले, "फिटला नवस! वाजवा रे!"

बँड सुरू झाला. त्या गोंगाटात ते माझ्या कानाशी वाकले. "पाव्हणं, हा नवस न्हाई, जखम हाय. गाडीवाल्यांचे असे पाय आमच्या फाट्यावर रोज पाह्यतो. सांगायचं ना राव. तुमच्या पायाकडं पाहून का आम्ही पोरगी केली?"

त्यांनी चारचौघांत माझी फजिती केली असती तर मला राग तरी करता आला असता. मी त्यांच्या दारात उभं राहून देवीच्या नावाने खोटं बोललो होतो, आणि आज माझी अब्रू राखायला तो सरळ माणूस भर मांडवात माझ्या खोट्यात भागीदार झाला होता. त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची माझी हिंमत झाली नाही.

मुलीने सगळं पाहिलं होतं. ती तिथंच तर उभी होती.

पाठवणीच्या वेळी ती आईच्या गळ्यात पडून रडली, मामाच्या गळ्यात पडून रडली. मग माझ्यापाशी आली आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतला. मुद्दाम नाही, जखम झाल्यापासून ती सवयच लागली होती, कुणाचा हात त्या ओल्या पट्टीला लागू नये म्हणून.

तिने वाकल्या वाकल्याच माझ्या पँटची कड धरली.

"आज तरी मागं घेऊ नका पप्पा." तिने कड सोडली नाही. "मी बारावीत नापास झाल्ते, तव्हापासून पाया पडायला आले की तुम्ही पाय मागं घेता. दिवाळीला, पास झाले तव्हा, नोकरी लागली तव्हा. मला वाटायचं, तुमचा राग गेलाच न्हाई माझ्यावरचा."

जखम झाली तो तोच उन्हाळा होता. ती नापास झाली होती हे तर मी केव्हाच विसरून गेलो होतो.