माया टीचरने घेतलेले मराठीचे तास

संध्याकाळी आमच्या गल्लीतून एखादा नवखा माणूस गेला तर त्याला वाटावं, बोंड्यांच्या घरात भांडण पेटलंय. "छेद सारखा केला का आधी? नाही केला. मंग बेरीज कोणत्या तोंडानं करून राहिली?" भांडण नसतं. माया बोंडे ओसरीवर गणित शिकवत असते. फुकट शिकवते, म्हणून आवाजावर तिचा पूर्ण हक्क आहे असं ती समजते.

माया मूळची अकोल्याची. आमच्या अमरावतीत ऊन जास्त, एवढं तिच्यासमोर म्हणून बघा. मे महिन्यात डोक्याला रुमालही न बांधता ती स्कूटी काढते आणि म्हणते, याले काय ऊन म्हणतात? नवरा नितेश, त्याचं खताबियाण्यांचं दुकान. दुकानात तो गिऱ्हाइकांना बोंडअळीवर तास तासभर सल्ले देतो. घरात मात्र त्याची बोलायची पाळी माया आंघोळीला गेली की येते. सासू मैनाबाई दर्यापूरकडच्या खेड्यातल्या. गुडघे धरले तेव्हापासून लेकाकडे आल्या आणि बघता बघता गल्लीतल्या सगळ्या घरांच्या बातम्या त्यांच्याकडे जमा होऊ लागल्या. माझ्याकडे येतात त्या बऱ्याचशा त्यांच्याकडूनच.

माया ज्या शाळेत शिकवते ती कॅम्पाकडची, सिस्टर लोकांची. शाळेला चांगलं लांबलचक नाव आहे, पण गावात सगळे तिला कॉन्व्हेंटच म्हणतात. मोठ्या सिस्टर म्हणजे सिस्टर ब्रिजिता, वसईकडच्या. मराठी इतकं स्वच्छ बोलतात की पहिल्या वर्षी आमच्याकडचे पालक त्यांच्यासमोर तोंडच उघडत नव्हते, आणि आमचे पालक बोलायला लागले तेव्हा सिस्टरांना वाटलं, हे आपल्यावर रागावलेत. आता सात वर्षं झाली. आता त्यांना कळतं की मोठ्यानं बोलणं ही आमच्याकडची प्रेमाची पद्धत आहे.

या शाळेत वर्ष संपताना एक रीत आहे. एप्रिलात सगळे शिक्षक वाचनालयात जमतात, कूलर लावतात, बाहेरून गिला वडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, येतो. प्रत्येकानं आपल्या वर्गाची वर्षभराची बातमी उभं राहून सांगायची: कोण जिल्ह्याला खेळलं, कोणाचं चित्र मुंबईला गेलं, प्रयोगशाळेत काय फुटलं. मग सिस्टर फळ्यावर पुढच्या वर्षी शाळेनं कशावर जोर द्यायचा ते लिहितात. वडा तोवर कोणी खायचा नाही, त्यामुळे बातम्या आटोपशीर होतात. हे मला कसं कळतं विचाराल, तर शाळेतल्या जमुना मावशी आमच्याच गल्लीत राहतात.

गेल्या वर्षीच्या एप्रिलात सिस्टरांनी फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं: दहावीचा निकाल शंभर टक्के. टाळ्या पडल्या. मग त्याखाली लिहून वाचून दाखवलं की त्यासाठी नववीतली गणितात कच्ची सात मुलं पास करायची आणि त्यांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा, म्हणजे ती दहावीला दुसरीकडे जातील. ही युक्ती काही सिस्टरांनी शोधलेली नाही. गावात ज्या ज्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागतो, तिथे थोडी चौकशी करा.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. वडा समोर होता. माया उभी राहिली आणि म्हणाली, ही सात मला द्या. सिस्टर म्हणाल्या, द्यायला काय, पण एक जरी नापास झालं तरी पुढच्या वर्षीपासून कच्च्या मुलांचे दाखले निघतील आणि तुम्ही मध्ये बोलणार नाही. माया हाव म्हणाली, म्हणजे हो. जमुना मावशींचं म्हणणं असं की तिनं विचार न करताच हाव म्हटलं. मला वाटतं, विचार करून म्हणाली असती तर ती माया नसती.

झालं. जूनपासून त्या सातांचं आणि आमच्या गल्लीचं गणित सुरू झालं. त्यांच्यात सगळ्यात बोलकी आकांक्षा. तिचे वडील पुंजाराम दर्यापूर रोडवर सवारीची जीप चालवतात; लेक त्याच जीपनं यायची, जायची. आकांक्षाची जीभ अशी की छेद सारखा करता करता ती गावातल्या तीन लग्नांचा वृत्तांत सांगायची, आणि तोही नकला करून. मैनाबाई तर तिची वाटच बघत बसायच्या. माया ओरडायची. आकांक्षा म्हणायची, टीचर, हात चालूच आहे ना, तोंडानं काय बिघडते?

दिवाळीनंतर मायाला शाळेचे तास पुरेनात. खेळाचे तास तिनं आधीच गिळले होते, चित्रकलेचेही. मग ती सिस्टरांकडे गेली. दहावीला मराठी सिस्टर स्वतः शिकवतात. मायानं त्यांचे दोन तास मागितले. सिस्टरांनी दिले. जानेवारीत उरलेलेही दिले. त्या वेळी त्या जे बोलल्या ते जमुना मावशींनी फरशी पुसता पुसता ऐकलं: "मराठी काय, घरचंच तर आहे." त्यात वावगं असं कोणालाच वाटलं नाही. आपल्या घरी इंग्रजीची शिकवणी असते, गणिताची असते. मराठीची शिकवणी लावली असं कोणी सांगितलं तर आपण पोराला बरं नाही का विचारू.

इकडे मैनाबाई रोज तेच ऐकत होत्या. गणित, गणित, गणित. एका शनिवारी त्यांनी घरात कोणाला न विचारता दर्यापूरकडच्या आपल्या गावच्या मारुतीला नवस बोलून टाकला: पोरं गणितात पास होऊ दे, रोडग्याचं जेवण देतो. रोडगे म्हणजे आमच्याकडचे कणकेचे जाड गोळे, पदरापदरात तूप घालून गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले. फोडून वरून पुन्हा तूप आणि वांग्याची भाजी. दुपारी खाल्ले तर संध्याकाळपर्यंत माणूस हलत नाही. इथवर ठीक होतं. पण मैनाबाईंच्या माहेरची रीत अशी की नवस ज्याच्या नावानं, पहिला रोडगा आरात त्यानंच टाकायचा. आणि नवस त्या सिस्टरांच्या नावानं बोलल्या होत्या.

माया कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, आई, त्या सिस्टर आहेत, मारुतीच्या नवसात त्यांना कसं ओढलं? मैनाबाई म्हणाल्या, "शाळा कोनाची हाय? त्याईचीच ना? मंग का मी नितेशच्या नावानं बोलू?"

मार्चात परीक्षा झाली. एप्रिलच्या बैठकीत बातम्या सांगून झाल्या, पण फळा कोराच राहिला. सिस्टर म्हणाल्या, निकाल लागू द्या, मग लिहू. कारण नववीत यंदाही पाच जण कच्चे निघाले होते आणि त्यांचे दाखले टेबलाच्या खणात तयार होते, फक्त सही व्हायची होती. त्या पाचांचं काय होणार ते आता मायाच्या सातांवर होतं. त्या पाचांतल्या एकीची आई रोज भाजी घ्यायच्या निमित्तानं आमच्या गल्लीत यायची आणि मायाच्या फाटकाकडे बघून जायची. भाजी तिच्या घरासमोर चांगली मिळते, हे मला ठाऊक आहे.

निकाल लागला त्या दुपारी मायाच्या ओसरीवर मोबाईलभोवती आम्ही सगळेच होतो. एकेक नाव उघडलं. गणितात पहिला पास, दुसरा पास. सातही पास. आकांक्षाला तर गणितात एकावन्न. मैनाबाईंनी तिथूनच मारुतीला हात जोडले. नितेश पेढे आणायला निघाला आणि चप्पल घालता घालता थांबला, कारण माया आकांक्षाच्या गुणपत्रिकेवर बोट ठेवून नुसती बघत होती. आकांक्षा नापास होती. मराठीत.

ज्या पोरीचं तोंड झोपेतही मिटत नसेल ती मराठीत नापास. गल्लीत आधी लोक हसले, खोटं कशाला सांगू, मीही हसलो. मग त्या पाचांतल्या पोरीची आई फाटकाशी उभी दिसली आणि हसू आवरलं.

माया दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. तिनं सिस्टरांना सरळ सांगितलं की पोरगी माझ्यामुळे गेली, तास मी खाल्ले, शिक्षा त्या पाच मुलांना नको. सिस्टरांनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं की तुमच्या सासूबाई काही जेवण बोलल्यात म्हणतात, ते कधी आहे? माया चाट पडली. नवसाची गोष्ट तिनं शाळेत कोणालाच सांगितली नव्हती. मी जमुना मावशींकडे बघितलं तेव्हा त्या पदराची गाठ सोडवत बसल्या होत्या.

नवस गणिताचा होता आणि गणितात सगळे पास होते, तेव्हा मैनाबाईंना माघार मान्य नव्हती. मारुतीशी मी मराठीचं बोललीच नव्हती, असं त्या म्हणाल्या. शनिवार ठरला. दर्यापूरकडे जायला जीप पुंजारामचीच. त्याला लाजेनं मान वर करवत नव्हती, त्यात सिस्टर त्याच्याच शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. एरवी जीपमध्ये हिंदी गाणी अशी दणाणतात की बोलता येत नाही. त्या दिवशी त्यानं टेप बंद ठेवला आणि सगळ्या वाटेत गिअरचाच काय तो आवाज. आकांक्षा मागे पोत्यासारखी. एक शब्द नाही. मैनाबाईंना तिची काळजी वाटायला लागली ती तेव्हा.

मारुतीच्या मागे कडुलिंबाखाली गोवऱ्या पेटल्या होत्या. मैनाबाईंनी सिस्टरांना विचारलं, चालते ना तुमाले? सिस्टर म्हणाल्या, पूजा तुम्ही करा, भाजायचं काम मी करते, वसईला चुलीवरच वाढले. त्यांनी पदर खोचला आणि पहिला रोडगा असा अलगद आरात सोडला की मैनाबाई खूश. म्हणाल्या, "तुमी तुमच्या देवाले सांगतलं असंन, आमी आमच्याले. पोरं दोघाईनं मिळून काढली." सिस्टर हसल्या. मग रोडगे उलटायला त्यांनी आकांक्षाला शेजारी बसवलं.

आम्ही सगळे जवळच होतो आणि सगळे वांगी चिरण्यात गुंतल्यासारखं दाखवत होतो. सिस्टरांनी तिला विचारलं, पेपर अवघड होता का?

"नाई सिस्टर." ती चिमट्यानं राख उकरत होती. "मी पुस्तकच नाई उघडलं. मले वाटलं, मराठीच तं हाय, जाऊन लिहून देऊ. धडे कोनते होते तेच आठवेना. मंग मनानंच गोष्टी लिहिल्या."

"मलाही तसंच वाटलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तर तास देऊन टाकले."

माया तेवढ्यात पुढे सरकलीच. काही बोलणार होती. सिस्टरांनी तिला थांबवलं. म्हणाल्या, "अट मी घातली होती, माया टीचर. नापास झालेली मुलगी माझ्या विषयात नापास झाली. मग दाखला कोणाच्या हातात द्यायचा, माझ्या?"

पुंजारामनं पहिल्यांदा मान वर केली.

मग जेवायच्या आधी, फळा नाही, खडू नाही, तिथेच त्यांनी पुढच्या वर्षाचं सांगितलं. दाखला कोणाचाही निघणार नाही. पाचही दहावीला इथेच बसतील. निकाल शंभर लागला तर आनंद, नाही लागला तर फ्लेक्स लावू नका. मराठीचे तास मराठीलाच राहतील. आणि आकांक्षाकडून जुलैच्या फेरपरीक्षेची तयारी त्या स्वतः करून घेतील, रोज सकाळी, आणि त्या तासाला बोलायची परवानगी आहे, पण धड्यातलंच. आकांक्षा म्हणाली, हे तं लय अवघड हाय. त्यावर मैनाबाईंना हायसं वाटलं. पोरगी ठिकाणावर आली होती.

माया डोळे पुसत होती, गोवऱ्यांचा धूर म्हणत. धूर दुसऱ्या बाजूला जात होता. रोडगा फोडून तूप घालेपर्यंत ती सावरली आणि दुसऱ्या घासाला म्हणते काय, "सिस्टर, पाचही अपूर्णांकात कच्चे आहेत. आठवड्यातून एकच तास, शुक्रवारचा, दिला तर…" सिस्टरांनी तिच्या ताटात न विचारता आणखी एक रोडगा ठेवला आणि तूप वाढणाऱ्याला खूण केली. पुढचा बराच वेळ माया काही बोलू शकली नाही, आणि नितेशनं त्या संधीचा फायदा घेऊन सिस्टरांना बोंडअळीबद्दल सगळं सांगून टाकलं.

आता जुलै संपत आला. आकांक्षाची परीक्षा झाली. पेपर कसा गेला विचारलं तर ती धड्यातली पात्रं नकला करून दाखवते, तेव्हा पास होईल असं मैनाबाईंचं मत आहे. ती पाच पोरं दहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकापासून बसलीत आणि संध्याकाळी मायाच्या ओसरीवर. भाजी घ्यायला येणारी ती बाई आता खरोखर फाटकाच्या आत येऊन बसते. शाळेत मराठीचा तास सुरू झाला की माया हातात खडू घेऊन व्हरांड्यातून उगाच एक फेरी मारते म्हणे. सिस्टर शिकवता शिकवता येतात, तिला नमस्कार करतात आणि दार लोटून घेतात.