रेनीला पाठ असलेला उतारा

"मॅडम, रिपोर्ट तो नॉर्मल है. फिर ये लडकी फेल क्यों होती है?" प्रिन्सिपलांनी रेनीची फाइल माझ्याकडे सरकवली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शारजातील एका भारतीय शाळेत मी स्पेशल एज्युकेटर होते. रेनी तिसरीत होती. कुटुंब वसईचे, वडील हॉटेलात, आई ऑफिसात. ऐकलेली गोष्ट ती रंगा-वासासकट सांगे. छापील ओळ समोर आली की तिचा आवाज विझत जाई. बुद्धी उत्तम असूनही वाचन न जमणे, याला डिस्लेक्सिया म्हणतात. तसे मुलांची चाचणी घेणाऱ्या सेंटरच्या तज्ज्ञांनी लिहून दिले, तरच शाळा तिला परीक्षेत प्रश्न वाचून दाखवणार होती. रेनी एकदा नापास झालेली होती. दुसऱ्यांदा नापास झालेल्या मुलांना आमची शाळा ठेवून घेत नसे.

सेंटरची अपॉइंटमेंट मिळवण्यात महिने गेले. दर फोनला तोच मधाळ स्वर: "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." आणि आता हा रिपोर्ट: वाचन वयानुरूप.

मी आईला बोलावले. तिच्या कपड्यांना बाहेरच्या तापलेल्या डांबराचा वास होता.

"टेस्टच्या आधी घरी काही केलंत का?"

"केलं ना, टीचर. सेंटरमध्ये वाचायला देतात त्या उताऱ्याची झेरॉक्स बिल्डिंगमधल्या आंटीकडे होती. रोज संध्याकाळी घोकून घेतला. एक चूक नाही केली पोरीने."

"अहो, ती ॲडमिशन टेस्ट नव्हती."

"टेस्ट म्हटल्यावर तयारी नको? एवढं थांबून नंबर लागला, नि तशीच पाठवू तिला?"

हसावे की कपाळ बडवावे, मला कळेना.

सेंटरला फोन केला. फेरचाचणी थेट पुढच्या शैक्षणिक वर्षी. "खलास, मॅडम. रिपोर्ट साइन झाला."

मग मी रेनीला प्रिन्सिपलांच्या केबिनमध्ये नेले आणि आईकडून मागवलेला तोच उतारा तिच्यापुढे ठेवला. तिने तो घडाघडा म्हटला. सर माझ्याकडे पाहू लागले. मी मधल्या एका ओळीवर बोट टेकवले. "आता इथून वाच."

रेनीचे ओठ आवाजाविना हलू लागले, पहिल्या वाक्यापासून. बऱ्याच वेळाने ती त्या ओळीशी पोचली आणि मोठ्याने बोलू लागली.

"व्हाय डिड यू वेट?" सरांनी विचारले.

"आय वॉज कमिंग, सर. फ्रॉम द टॉप."

सरांनी रेनीची फाइल मिटली. "पेपर आप पढके सुनाइए, मॅडम. लेकिन लिखित में मैं कुछ नहीं दूँगा."

वार्षिक परीक्षेत लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून मी तिला एकेक प्रश्न वाचून दाखवला. ती चौथीत गेली. सक्तीच्या अरबीतून सूट देणे सरांच्या हाती नव्हते, आणि तो पेपर वाचून दाखवण्याइतके अरबी मला येत नव्हते. त्यात ती नापास झाली. सुदैवाने त्यापायी वर्ग अडला नाही.

तेव्हापासून मी पालकांना पहिल्याच भेटीत बजावते: मुलाला नीट झोपवा, पोटभर खाऊ घाला आणि चाचणीला पाठवा, शिकवू काहीच नका. सगळे मान डोलावतात. मग दारापर्यंत गेलेली एखादी आई हमखास मागे वळते. "पण टीचर, थोडीशी प्रॅक्टिस?"