लांडग्याच्या पिल्लाची तीन कोटेशनं

गुणवंत चौबळला घरात लांडगा आणायचा आहे, हे मला शारजाह-दुबई हद्दीवरच्या ट्रॅफिकमध्ये कळलं. गाडी त्याची, पेट्रोल निम्मं माझं आणि ऐकून घेण्याचं काम पूर्ण माझं, असा आमचा कारपूलचा करार आहे. अल नहदातल्या एकाच टॉवरमध्ये तो माझ्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्यामुळे सुटका नाही.

"पूर्ण लांडगा नाही रे परेश," तो म्हणाला. "वुल्फडॉग. लांडगा आणि कुत्रा मिक्स. ईश्वरीला पाहिजे."

"ईश्वरी ऑगस्टमध्ये पुण्याला चाललीय ना?"

"हो."

"मग तो सांभाळणार कोण?"

"तेच तर कळत नाहीये," असं म्हणून त्याने उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि सरळच गेला.

मला कुत्र्यांचं प्रेम नाही. माणसांचंही बेताचंच आहे. पण गुणवंत हा माणूस मला वीस वर्षांत पुरता समजला आहे असं मी धरून चाललो होतो. तो एका एसी डक्टिंगच्या कंपनीत खरेदी बघतो. तीन कोटेशनं आल्याशिवाय हा माणूस काही विकत घेत नाही. ऑफिसात नाही आणि घरातही नाही. टोमॅटो घ्यायचे तर खालच्या तिन्ही ग्रोसरींत चक्कर. त्याच्या बायकोचा, छायावहिनींचा, गुडघा दुखायला लागला तेव्हा याने तीन डॉक्टरांची मतं घेतली, आणि तिसऱ्याची अपॉइंटमेंट येईपर्यंत गुडघा आपला आपणच बरा झाला. होकार द्यायचा झाला तरी "इन प्रिन्सिपल हो, सब्जेक्ट टू..." असं म्हणतो आणि पुढचं वाक्य हवेत सोडून देतो. मी त्याला तोंडावर उंटावरचा शहाणा म्हणतो. तो रागावत नाही, कारण रागवायचं की नाही हेही त्याचं ठरत नाही.

पण त्याचा एक नियम मात्र पक्का होता, आणि खरं सांगायचं तर तो मलाही पटायचा. जो सप्लायर काही न विचारता रेट देतो त्याला काम द्यायचं नाही. "साइट कुठेय, लोड किती, मेंटेनन्स कोण करणार, हे ज्याने विचारलं नाही, त्याला काम कळलेलंच नाही," असं तो नव्या पोरांना शिकवायचा.

आता ईश्वरीबद्दल. त्याची मुलगी इथेच शारजाहला जन्मली, इथेच बारावी झाली. इथल्या युनिव्हर्सिट्यांची फी ऐकूनच गुणवंतला घाम फुटतो, त्यामुळे पुढचं शिक्षण पुण्यात, छायावहिनींच्या बहिणीकडे, प्रमिलामावशीकडे राहून. त्यात नवल काही नाही, आमच्यात सगळेच पाठवतात. बारावी झाली की पोराला 'आपल्याकडे' धाडायचं, मग ते पोर आपल्याकडे कधी पंधरा दिवसांच्या वर राहिलेलं असो वा नसो. ॲडमिशन झाली, तिकीट निघालं, प्रमिलाताईंनी खोली रंगवून घेतली. ईश्वरी भांडली नाही, रडली नाही. फक्त जेवणाचं ताट घेऊन स्वतःच्या खोलीत जायला लागली आणि घरातल्यांशी बोलायची थांबली.

त्या अबोल्याने गुणवंत हबकला होता. "अशीच तोंड फिरवून गेली तर परत माझ्याशी बोलेल का रे ती?" असं त्याने मला एकदा विचारलं. शेवटी त्याने दाराबाहेर उभं राहून म्हटलं, "ईशू, जाताना तुला काय पाहिजे ते सांग. काहीही." लॅपटॉप मागेल असा त्याचा अंदाज होता. आतून आवाज आला, "अ वुल्फडॉग पपी." बस्स. इतक्या दिवसांत मुलीने एक गोष्ट मागितली होती, आणि आता ती कुठूनही आणायची, हे त्याचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने 'सब्जेक्ट टू' म्हटलं नाही.

पहिलं कोटेशन दुबईतल्या इंटरनॅशनल सिटी वस्तीत मिळालं. ऑनलाइन जाहिरात होती. शुक्रवारी संध्याकाळी मला जबरदस्तीने बरोबर नेलं. एका शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये, बंक बेडच्या मागे, एका पिंजऱ्यात ते पिल्लू होतं. राखाडी, लांब पायांचं, पिवळट डोळ्यांचं. भुंकत नव्हतं. पिंजऱ्याच्या अगदी मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं आणि आमच्याकडे न बघता आमच्या मागच्या दाराकडे बघत होतं.

"हबीबी, एकदम ओरिजिनल," विकणारा पोरगा म्हणाला. "फिफ्टी पर्सेंट वुल्फ. पेपर में हस्की लिखा है, नो टेन्शन. सेवन थाउजंड."

"सात हजार दिरहम म्हणजे पावणेदोन लाख झाले की!" मी म्हणालो.

"आपके लिए सिक्स. यल्ला, आज ले जाओ."

गुणवंत पिंजऱ्याकडे बघत उभा होता. मला वाटलं, भाव करतोय. खाली गाडीत बसल्यावर म्हणाला, "परेश, त्याने काहीच विचारलं नाही रे. आपण कुठे राहतो, घरात कोण आहे, काही म्हणजे काही नाही. आणि ते पिल्लू लांडगा असेल तर कागदावर साधं हस्की कुत्रं कसं? आणि हस्की असेल तर आपण लांडग्याचे पैसे का द्यायचे?" मी म्हटलं, बाबा रे, माझ्या डोक्याचा भुगा करू नकोस, एसी लाव.

दुसरं कोटेशन म्हणजे खर्चाचा अंदाज घ्यायला आम्ही दुबईतल्या करामा भागात डॉक्टर नौशीनकडे गेलो. जनावरांच्या डॉक्टर, माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे मराठीतून झापू शकतात. गुणवंतने लसी, खाणं, एसीचं बिल असं विचारायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"चौबळ, लांडग्याची भेसळ असलेलं कुत्रं इथे खासगी घरात ठेवायला बंदी आहे. खलास. खर्चाचं काय विचारता?"

"पण पेपरवर हस्की आहे."

"तुमच्या पेपरवर मी जिराफ लिहून देते, मान लांब होईल का?" त्या चिडल्या होत्या. "वर्षभरात ते दार फोडेल, सोफा फाडेल, लहान मूल पळालं तर मागे धावेल. त्याचा दोष नाही, ते तसंच आहे. मग तुम्ही घाबराल आणि वाळवंटात सोडून याल. असे सोडलेले कुत्रे माझ्याकडे येतात. कुठे बघितलंत हे पिल्लू, तिथला पत्ता सांगा."

पत्ता गुणवंतनेच दिला. तक्रारीचा फोनही त्याने तिथेच, त्यांच्यासमोर केला. बाहेर आल्यावर मी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, संपला विषय. आता सांग पोरीला की कायद्यात बसत नाही."

"सांगतो. पण तिसरं कोटेशन बाकी आहे ना."

"अरे, बंदी आहे म्हणाल्या त्या!"

"कॉल फिक्स झालाय. युरोपातली बाई आहे, तिने वेळ दिलीय. असं कसं कॅन्सल करायचं?" आता यावर काय बोलणार? रिवाजापुढे कायद्याचं काही चालत नाही.

ती बाई पंचवीसेक वर्षं असली जनावरं पाळत आणि वाढवत होती. व्हिडिओ कॉल रविवारी होता, आणि छायावहिनींनी मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी तयारी केली. बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे काढले, गुणवंतला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. पोहेसुद्धा केले, ते मात्र मी खाल्ले. "अहो, नीट बोला हां, आपलं घर छोटं आहे असं सांगू नका," असं त्या कानाशी सांगत होत्या. घ्यायचं नाही हे ठरलेलं, तरी नापास व्हायचं नाही, असा सगळा घोळ. ईश्वरी खोलीतच होती, पण दार उघडं होतं.

स्क्रीनवर पिकल्या केसांची, जाड स्वेटरमधली बाई आली. मागे उंच जाळी आणि जाळीमागे येरझाऱ्या घालणारं एक मोठं राखाडी जनावर. बाईचं इंग्रजी मोडकं होतं, त्यामुळे तिला गोड बोलता येत नव्हतं. किंमत तिने सांगितलीच नाही. विचारायलाच लागली. तुमच्या देशात परवानगी आहे का? गुणवंत म्हणाला, नाही, पण इन प्रिन्सिपल माहिती हवी आहे. बाईच्या कपाळावर आठी आली. अंगण आहे? दोन माणसांच्या उंचीचं कुंपण, जमिनीखालीही पुरलेलं? गुणवंत म्हणाला, आमची बाल्कनी आहे. दिवसभर घरी कोण असतं? याला एकटं ठेवता येत नाही. शेजारी काय म्हणतात? मी घाईघाईने पोह्यांकडे बघितलं. आधी मोठं कुत्रं पाळलंय? माझ्याकडे येऊन मोठ्या जनावरांत काही दिवस राहाल? त्याशिवाय मी कुणाला पिल्लू दाखवतही नाही.

गुणवंतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विकणारी बाई विकायलाच तयार नाही, हे त्याच्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. तरी मला दिसत होतं, तो हळूहळू पुढे सरकून बसला होता. त्याच्या मनासारखी सप्लायर त्याला पहिल्यांदा भेटली होती.

"शेवटचं," बाई म्हणाली. "तुम्ही तिथे व्हिसावर आहात. उद्या काही बिनसलं, ठेवणं जमलं नाही, तर याचं काय?"

हे उत्तर गुणवंतकडे तयार होतं. तो एकदम मोकळा झाला. "ती काळजी नाही," तो म्हणाला. "पुण्याला पाठवू. माझी मेव्हणी आहे तिथे, फार चांगली आहे. स्वतंत्र खोली आहे. खाण्यापिण्याचं ती सगळं बघेल. सुरुवातीला जरा जड जाईल, पण महिन्याभरात ॲडजस्ट होईल."

"ते तिला ओळखतं?"

"सुट्टीत भेट होईल ना."

बाईने मान हलवली. "नाही. असं नाही चालत. हे एकदा आपलं घर धरतं. लहान असताना तुम्ही जवळ ठेवलंत आणि मोठं झाल्यावर दुसरीकडे दिलंत, तर ते समजत नाही. खात नाही. कोपऱ्यात बसतं. लोक म्हणतात शांत झालं. शांत नाही झालं. तुम्हाला मी देणार नाही. सॉरी."

कॉल चालूच होता. छायावहिनींनी तोंडाला पदर लावला. मला आधी कळेना काय झालं ते. मग बघितलं तर ईश्वरी खोलीच्या दारात उभी होती, हातात ताट.

"दॅट्स व्हाय आय वॉन्टेड वन, बाबा," ती म्हणाली. "यू हॅव टू प्रॉमिस यू वोन्ट सेंड इट अवे. गुड ब्रीडर्स मेक यू प्रॉमिस." मग मराठीत, अडखळत, "या घरात कुणाला तरी... नाही पाठवायचं, असं पाहिजे होतं."

मला तिथून उठून जायचं होतं आणि उठता येईना. गुणवंत स्क्रीनकडे वळला. त्याने त्या परक्या बाईला जे विचारलं ते मी विसरणार नाही.

"मॅडम, समजा तिकीट काढून झालंय. मग?"

बाईला वाटलं, कुत्र्याचंच विचारतोय. ती गोंधळली. "तिकीट? मग रद्द करा. ते एवढं अवघड असतं का तुमच्याकडे?"

सोमवारी सकाळी गाडीत तो नेहमीसारखा बसला. फीचे पैसे कुठून आणायचे, प्रमिलाताईंना काय सांगायचं, इथल्या कॉलेजात आता जागा मिळेल का, याचं त्याच्याकडे एकही उत्तर नव्हतं आणि तेच तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. मी चिडून म्हटलं, "गुणवंत, तीन डॉक्टर, तीन ग्रोसरी, तीन लांडगे. पोरीला एकदा तरी विचारलंस का, तिला कुठे राहायचंय ते?"

"काल रात्री विचारलं."

"काय म्हणाली?"

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्याने गाडी पुढे घेतली नाही.

"म्हणाली, 'आस्क मी अगेन टुमॉरो. आय वॉन्ट टु सी इफ यू डू,'" तो म्हणाला. "म्हणजे ती हो म्हणाली की नाही म्हणाली, मला काही कळलं नाही रे परेश. पण आज परत विचारणार आहे. उद्याही विचारेन. ताट घेऊन बाहेर येऊन बसली होती ती, आमच्याबरोबर."