शेंडेफळाचं मत

डोक्यावरचे केस गेले, मोठी मुलगी खांद्याला लागली, तरी कंपनीत सगळे त्याला शेंडेफळच म्हणायचे. त्यात त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्यानंतर कंपनीने एकही वैमानिक घेतला नव्हता. धाकटं भावंड आलंच नाही, तर शेंडेफळाने मोठं तरी कसं व्हायचं?

कंपनी मालवाहू विमानांची. प्रवासी नाहीत, खिडक्या नाहीत, गोड आवाजातल्या सूचना नाहीत. मागे जाळीने आवळून बांधलेली खोकी, त्यांत औषधं, गाड्यांचे सुटे भाग, फुलं, कधी बर्फातली मासळी. मासळीची फेरी झाली की बायको त्याचा गणवेश दोन बोटांत धरून बाल्कनीत टाकायची. म्हणायची, "लग्नाच्या वेळी पायलट म्हणून सांगितलं होतंस. मासे विकतोस हे कुठे बोलला होतास?" त्याला मात्र हे काम जिवापाड आवडायचं. मागे कोणी टाळ्या वाजवत नाही, कोणी कुरकुरतही नाही. खोकी जिथली तिथे पोचली की झालं.

कंपनीत सगळं चालायचं क्रमाने. जो आधी रुजू झाला, तो वर. चांगले मार्ग, हवी तेव्हा रजा, नवं विमान, सगळं वरून वाटत यायचं आणि शेंडेफळापर्यंत पोचेस्तोवर उरायची ती मासळी. काम कमी झालं आणि माणसं कमी करायची वेळ आली, तर तेही क्रमानेच, पण तेव्हा मोजायचं खालून.

तशी वेळ आली नव्हती, कारण वैमानिकांच्या युनियनने कंपनीशी केलेल्या करारात एक कलम होतं. कंपनीने आपला माल बाहेरच्या स्वस्त विमान कंपन्यांना, त्यांच्या वैमानिकांना, किती उडवायला द्यायचा याला त्यात मर्यादा घातलेली होती. वैमानिक त्या कलमाला कुंपण म्हणायचे. कुंपण होतं म्हणून शेंडेफळाची नोकरी होती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि इतरांनाही.

आणि करार नव्याने करायची वेळ आली तेव्हा कंपनीने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. कुंपण काढा, सगळ्यांना घसघशीत पगारवाढ घ्या. कंपनीचे साहेब हसून म्हणाले की यामुळे कोणाचीही नोकरी लगेच जाणार नाही. तो 'लगेच' शेंडेफळाने घरी जाऊन बायकोला जसाच्या तसा सांगितला.

बायको म्हणाली, "बैठकीत तोंड उघड. सांग सरळ, की मी पहिला रस्त्यावर येईन."

"प्रत्येकाचं काही ना काही आहेच गं."

"मग तुझंही आहे की. तू काय त्यांच्यात पाहुणा आहेस?"

बायकोला कसं सांगावं, की समुद्रावरून उडताना दोन माणसं शेजारी शेजारी बसली की काय काय बोलतात? सहवैमानिक म्हणून तो जवळजवळ प्रत्येकाच्या उजव्या हाताला बसला होता. कोणाच्या मुलाला डॉक्टर व्हायचंय, कोणाची आई अंथरुणाला खिळली आहे, कोणाचा घटस्फोट अंगाशी आला आहे, सगळं त्याला माहीत. पगारवाढ कोणाच्या घरी कुठे जाणार, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. फक्त थोरले कधी घरचं बोलायचे नाहीत. थोरले म्हणजे यादीत सगळ्यात वरचे कॅप्टन. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती, आणि पेन्शन ठरणार होती शेवटच्या पगारावर.

युनियनची खोली एका लाँड्रीच्या वर होती. खालून वाफेचा आणि साबणाचा वास यायचा, भिंती कायम ओलसर. बैठकीला खुर्च्या क्रमाने मांडायच्या आणि शेवटच्या खुर्चीवाल्याने चहा करायचा, ही तिथली जुनी रीत. शेंडेफळ वर्षानुवर्षं चहा करत होता आणि वर्षानुवर्षं तो वाईट होत होता. दुसरी रीत मतदानाची. मोठ्यांचं बघून धाकट्यांनी हात वर करू नये म्हणून मत खालून मागायचं. शेवटच्या खुर्चीवाल्याने सगळ्यांत आधी उभं राहायचं आणि मोठ्याने बोलायचं.

त्या दिवशी चहा सगळ्यांना देऊन झाला आणि अध्यक्षांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. तो उठला. समोर सगळे चेहरे. डॉक्टर होऊ पाहणारा मुलगा, अंथरुणावरची आई, सगळी घरं त्याला त्या चेहऱ्यांमागे दिसायला लागली. माझ्या एकट्याच्या नोकरीसाठी यांनी का सोसावं? पाठ करून आणलेलं वाक्य त्याने सोडून दिलं.

"कुंपण काढावं," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसला.

मग त्याच्या वरचा उठला, ज्याची आई आजारी होती तोच. "ठेवावं." त्याच्या वरचा: "ठेवावं." एक एक खुर्ची कुरकुरत गेली आणि तोच शब्द वर सरकत गेला. कोणी भाषण केलं नाही, कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. शेंडेफळ मान खाली घालून बसला होता आणि डोळ्यांतलं पाणी टपटप त्याच्या स्वतःच्याच बशीत पडत होतं.

सगळ्यात शेवटी थोरले उठले. "ठेवावं," ते म्हणाले, "आणि याला कोणीतरी घरी सोडा. स्वतःच्या पायावर इतका नेम धरून धोंडा मारणाऱ्याच्या हाती आज गाडी द्यायला नको."

तेव्हा कुठे सगळे हसले. घरी बायकोने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "म्हणजे तुझ्याविरुद्ध मत देणारा सगळ्या कंपनीत तू एकटाच?" मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कंपनीला कुंपणाच्या आतच राहावं लागलं. माल वाढला तसे नवे वैमानिक घ्यावे लागले. शेवटच्या खुर्चीत एक चटपटीत बाई आली आणि युनियनचा चहा एकदाचा सुधारला. पगार मात्र होता तिथेच राहिला, आणि त्याच पगारावर थोरले निवृत्त झाले.

त्यांच्या निवृत्तीनंतर शेंडेफळ पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर पार वरच्या मजल्यावर. मधल्या जिन्यात एक बाई कठडा धरून टेकल्या होत्या, शेजारी भाजीची पिशवी. त्याने पिशवी उचलली, हाताला धरून त्यांना वर आणलं. त्यांनी दाखवलेलं दार थोरल्यांनीच उघडलं; बाई त्यांच्या पत्नी निघाल्या.

वहिनी खुर्चीत बसून गुडघे चोळत होत्या. खिडकीशी एका तळमजल्याच्या घराचा फोटो लावलेला होता, पुढे छोटंसं अंगण, फोटोचे कोपरे पिवळे पडलेले. शेंडेफळाने फोटोकडे बघितलं, गुडघ्यांकडे बघितलं आणि थोरल्यांची वाढीव पेन्शन कुठे जाणार होती, याचा त्याला उलगडा झाला. "थोरले," तो कसाबसा म्हणाला, "तुमचं मत..."

"त्यांचं कुठलं मत?" वहिनी म्हणाल्या. "बैठकीच्या आदल्या रात्री ते पेन्शनचे आकडे मांडत बसले होते. मी विचारलं, शेवटच्या खुर्चीत कोण आहे? म्हणाले, एक टकलू आहे, दोन मुली आहेत, चहा भयंकर करतो. मी म्हटलं, मग ठेवा कुंपण. जिना काय, हळूहळू चढेन."

शेंडेफळाला खूप बोलायचं होतं. मुलींबद्दल, बायकोबद्दल, त्यानंतर उडवलेल्या प्रत्येक फेरीबद्दल. त्याऐवजी तो उठला, न विचारता स्वयंपाकघरात गेला आणि पातेलं गॅसवर ठेवलं.

वहिनींनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खरंच भयंकर करतोस रे," त्या म्हणाल्या, आणि कप पुरता संपवला.