एका माणसाची लिफ्ट

कमालभाईंचा राग आखातातल्या त्या अख्ख्या गुदैबिया वस्तीला माहीत. गल्लीच्या तोंडाशी कुणी गाडी आडवी लावली की ते ट्रकमधून उतरणार, बाह्या सरसावणार आणि रत्नागिरीच्या बोलीत त्याची अशी हजेरी घेणार की समोरच्या मल्याळी माणसालाही सगळा अर्थ लागावा. पण गेले काही महिने जो राग साठत होता, तो काढायला जागाच नव्हती.

कमालभाई फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीच्या ट्रकवर ड्रायव्हर. संगमेश्वराकडचा शंभू त्यांचा हेल्पर. हेल्पर म्हणजे काय, तर ट्रकातला फ्रीज पट्ट्यानं पाठीवर घ्यायचा, वाकत वाकत खाली उतरायचं आणि तसंच जुन्या बिल्डिंगचे जिने चढायचे. शंभूनं वर्षानुवर्षं हेच केलं, कधी कुरकुर केली नाही. आता त्याची पाठ कामातून गेली होती. सकाळी तो ट्रकच्या दाराला धरून हळूहळू सरळ व्हायचा, तेव्हा कमालभाई मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

बरं, कंपनीच्या मालानं पाठ गेली असती तर एक वेळ म्हटलं असतं, नशीब. ती गेली विनीतसाहेबांच्या कपाटापायी. विनीतसाहेब डिलिव्हरीचे मॅनेजर, पुण्याचे. मराठी माणूस वर बसलाय म्हणून सुरुवातीला केवढा आनंद झाला होता या दोघांना! साहेबांनी अदलिया भागात घर बदललं तेव्हा शुक्रवारी, ऐन सुट्टीच्या दिवशी, शंभूला फोन. "आपल्या माणसाला हक्कानं सांगतो रे, बाहेरच्यांना कशाला बोलवायचं?" हक्कानं! एरवी गोदामात हेच साहेब आपल्या माणसाशी इंग्रजीत बोलत. आणि हा खुळा गेला. जिन्याच्या वळणावर कपाट कलंडलं, शंभूनं ते पाठीवर झेललं आणि कमरेत काहीतरी कट्कन झालं. वर वहिनींनी पोहे दिले, ते यानं उभ्यानंच खाल्ले, कारण बसता येईना.

"साहेबांना सांगितलंस?" कमालभाईंनी विचारलं.

"त्यांच्या घरच्या कामात दुखलं म्हणून कसं सांगायचं, कमालभाय? बरं दिसत नाय. वहिनींनी पोहे पन दिले होते."

कमालभाईंनी कपाळावर हात मारला. पोह्यांच्या बशीत माणसाची कंबर गेली आणि वर यालाच लाज. त्या दिवसापासून मालाची जड बाजू कमालभाई स्वतः धरू लागले. ऑफिसात ब्र काढायची सोय नव्हती. पाठ गेलेला हेल्पर कोण ठेवतो? व्हिसा कॅन्सल, खलास.

म्हणून ट्रकला टेल-लिफ्ट बसवायचं ठरलं तेव्हा कमालभाईंनी अल्लाचे आभार मानले. मागे एक लोखंडी फळी असते, तिच्यावर माल ठेवायचा, बटण दाबलं की फळी मालासकट अलगद जमिनीवर. शंभूच्या पाठीवरचं निम्मं ओझं तरी उतरणार होतं.

विकणारा अर्सलान दोन तऱ्हा दाखवायला गोदामावर आला. एका लिफ्टची फळी भली मोठी, मिटली की ट्रकच्या मागे दारासारखी उभी राहणारी. दुसरीची फळी लहान, घडी होऊन ट्रकच्या पोटाखाली जाणारी. विनीतसाहेब मोठीवर भाळले.

"हिच्यावर कंपनीचं नाव काय झकास दिसेल! सिग्नलला मागचा माणूस वाचतच बसेल."

कमालभाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. नावच मिरवायचं होतं तर रंगारी बोलवायचा, लिफ्टवाला कशाला? जनाबियात बंगल्यांपुढे ही मोठी फळी ऐसपैस उघडेल. गुदैबियाच्या गल्लीत मागची गाडी अशी चिकटून उभी असते की मधून मांजर जायचं नाही. तिथे ती उघडणारच नाही, म्हणजे फ्रीज पुन्हा शंभूच्याच पाठीवर.

"साहेब, गल्लीत ही छोटीच चालेल," ते म्हणाले.

"शंभू, तुला काय वाटतं?" साहेबांनी विचारलं.

"कुठली पन चालेल साहेब," शंभू म्हणाला.

त्याचा गळा धरावा असं कमालभाईंना वाटलं. अरे, तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं! पाठीचं नाव काढता येत नव्हतं. मग साहेबांना पटेल असं काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलून गेले, "छोटी एकदम हलकी आहे साहेब. एकटा माणूस सगळं उतरवील, दुसऱ्याची गरजच नाही."

साहेबांनी मान वर केली. "एकटा? नक्की?"

"एकदम नक्की."

छोटी लिफ्ट आली. पहिल्या दिवशी शंभूनं बटण दाबून वॉशिंग मशीन खाली उतरवलं आणि लहान पोरासारखा हसला. कमालभाईंनी गल्लीतल्या हॉटेलात त्याला चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शंभूचा व्हिसा आता रिन्यू होणार नाही, तिकीट कंपनी देईल. जिन्यानं माल चढवायला तासावर माणूस मिळतो. "तुम्हीच म्हणालात ना कमालभाई, दुसऱ्याची गरज नाही?"

कमालभाईंना घाम फुटला. मग आजवर गिळलेलं सगळं बाहेर पडलं. "याची पाठ तुमच्या कपाटानं मोडली, साहेब. तुमच्या घरी, सुट्टीच्या दिवशी, फुकट. त्याची पाठ वाचावी म्हणून मी त्या लिफ्टसाठी भांडलो आणि तुम्ही त्यालाच काढता? हा आपला माणूस ना तुमचा?"

साहेबांचा चेहरा उतरला. "शंभू, खरं आहे हे?"

शंभूनं खाली बघितलं. "नाय साहेब. गावाकडचं जुनं दुखनं हाय."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग गावीच बरं वाटेल तुला. आराम कर."

कमालभाईंनी खिशातली ट्रकची चावी काढून जमिनीवर आपटली. "एकट्यानं चालते ना ती लिफ्ट? मग तुम्हीच चालवा."

चावी टेबलाखाली गेली. कुणी काही बोलायच्या आत शंभू ती उचलायला वाकला. निम्मा वाकला आणि तिथेच अडकला. एक हात गुडघ्यावर, दुसरा टेबलाच्या कडेला, तोंडातून आवाज नाही, कपाळावरची शीर तेवढी फुगलेली. चावी बोटांत आली, पण त्याला वर येता येईना. कमालभाईंनी काखेत हात घालून त्याला उभा केला.

शंभूनं चावी त्यांच्या मुठीत कोंबली. "येड लागलंय काय? तुमच्या पोरीच्या, फिजाच्या शाळेची फी कोन भरनार?"

विनीतसाहेब हे सगळं बघत होते. मग त्यांनी खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवली आणि शंभूच्या तिकिटासाठी पासपोर्टवरचं पूर्ण नाव विचारलं.